करमाळ्याची तोडलेली लाइन

हसा खुशाल! टेलिफोनच्या चालू लाइनी मुद्दाम तोडायचा पगार मिळतो मला. सोलापूरच्या एक्स्चेंजात मेकॅनिक आहे मी. एक तार काढायची आणि पलीकडचा माणूस दुसऱ्या लाइनीनं परत येतो का ते बघायचं. खऱ्या बिघाडात तारांबळ नको, म्हणून आधीच हा खोटा बिघाड. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही की!

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. त्या दुपारी करमाळ्याच्या लाइनीची पाळी होती. माझी बायको सोजर तिकडंच, माहेरी, पहिल्या बाळंतपणाला गेलेली. सकाळपासून कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पुढचा फोन धड यावा म्हणून म्हटलं, लाइन आत्ताच तपासून ठेवू.

पहिली तार काढली. करमाळ्याचे ऑपरेटर मडिवाळप्पा लगेच दुसऱ्या लाइनीवर हजर. शाब्बास! करमाळ्याला लाइनी दोनच; मग मी दुसरीही काढली. आता आमचा बोर्ड मुका राहायला हवा होता.

घंटी वाजली.

“महिपती, मस्करी नको की,” शेजारी बसलेला मकदूम म्हणाला. मी दोन्ही तारा उचलून त्याला दाखवल्या. तो खुर्चीसकट मागं सरकला. मी हेडफोन कानाला लावला. आत नुसता वारा घोंघावत होता. आणि कुठून कोण जाणे, खोलीत ओव्याच्या धुरीचा वास सुटला.

“अवो... मी हाय. तारा जोडू नगा.”

“सोजर? का गं?”

“जोडल्या की... माझ्या जागी दुसरीच उठंल.”

काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगू. पण भिऊन काम सोडणारा मी न्हवं! दोन्ही तारा खटाखट जोडल्या. थोड्याच वेळात मेहुण्याचा, हिंदुरावचा फोन आला.

“दाजी, पोरगी झाली! आक्का लई येळ निपचित पडली हुती बघा. डॉक्टरनं हात टेकलं हुतं. आन् आत्ता एकदम उठून च्या मागतीया!”

मी नव्या पेठेतून पेढे आणून अख्ख्या एक्स्चेंजात वाटले.

पुढं रीतीप्रमाणं जाऊन मायलेकींना घरी आणलं. सोजर झकास आहे. हसते, पोरीचं करते, मला गरम गरम वाढते. संसार उत्तम चाललाय, छातीठोकपणे सांगतो.

फक्त करमाळ्याची तपासणी आली, की मकदूमला चहाला पाठवतो आणि दोन्ही तारा एकदमच काढतो.

“अवो,” हेडफोनात सोजर हळूच विचारते, “पोरगी कुणावर गेलीया? म्या अजून बघितलीच न्हाय... मला न्यायला कवा येताय?”