बायकांची बॅच आणि मिठाचं मशीन

ओंजळीत तलावाचं पाणी घेतलं, जिभेवर टेकवलं आणि थू करून बाजूला थुंकले... तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ मॅडम, ते प्यायचं पाणी न्हाई!"

वळून पाहिलं. फाटकाशी एक उंच, सावळा तरुण उभा होता. खांद्याला पिशवी, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं. मी आधीच चिडलेले, त्यात हे!

"तुमी कोण, पाणपोईवाले?"

"मशीनवाला. नांदेडहून आलो. मीठ कमी असल्याचा दिवा लागून राहिला म्हणून फोन होता."

"म्हणजे फोनवर 'मीठ टाका, मीठ टाका' म्हणणारे ते तुमीच व्हय?"

"मीच... काहून?"

"चाखून बघा जरा. समुद्र करून टाकला आमचा!"

तो बघत राहिला, पण पाण्याकडे नाही, माझ्याकडे. मग एकदम भानावर आल्यासारखा मशीनच्या खोलीकडे चालू लागला. तेही कसं, तर तलावाच्या कडेनं नाही, पार भिंतीला खेटून! मला गंमतच वाटली.

दोन हजार सातचा उन्हाळा होता तो. औंढा आणि सिद्धेश्वरच्या मधे किसनरावकाकांनी नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि हौसेनं पोहण्याचा तलावही बांधला. पुण्याच्या जावयाच्या सांगण्यावरून त्यात मिठाचं मशीन बसवलं. पाण्यात थोडं मीठ टाकायचं, मशीन त्याच मिठापासून जागच्या जागी क्लोरीन तयार करतं. काका ते मशीन प्रत्येक पाहुण्याला नव्या बैलजोडीसारखं दाखवायचे.

आणि मी आकांक्षा. सिद्धेश्वरची. माझे बाबा कालव्यावर पाळीचं पाणी सोडायच्या कामावर. त्यांनीच मला धरणात पोहायला शिकवलं. आमच्या गावात धरणाच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका चिक्कार, पण पोहता येणारी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. पाय घसरला की खेळ खल्लास. म्हणून मी काकांच्या हातापाया पडून सकाळची बायकांची बॅच सुरू केली. त्या बॅचवर माझा जीव होता, अगदी जीव!

पण पाणी हिरवं पडलं. बायकांचे डोळे चुरचुरायला लागले, एकेक गळायला लागली. काका म्हणाले, "सोमवारी दर्शनाची गर्दी हाय. तवर पाणी निवळलं तर ठीक. न्हाईतर हा खड्डा बुजवून लग्नाचं स्टेज बांधतो. बस झाला तमाशा!"

म्हणून मी तिथं उकिडवी बसून पाणी चाखत होते. आणि म्हणून त्या हसऱ्या माणसाचा मला इतका राग आला होता.

त्याचं नाव धम्मानंद. मूळचा डोंगरकडा गावचा. त्यानं नळीतून मशीनचा आतला भाग सोडवला आणि उजेडाकडे धरला. आतल्या पत्र्यांवर पांढरा थर चढला होता, आपल्या पाणी तापवायच्या रॉडवर चढतो तसा.

"बोअरचं जड पाणी," तो म्हणाला. "पत्र्यांवर चुना बसला की मशीनला मीठ जाणवतच न्हाई. पाण्यात पोतंभर असलं तरी ते म्हणतं, कमी हाय."

"तापातल्या माणसाला भाजी अळणी लागते, तसं."

"बराबर!" तो खूष झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन् मी येडा, न बघताच फोनवर सांगितलं... चुकलंच माझं."

इतक्या सरळपणे कुणी चूक कबूल केली की भांडायचं कसं? मी काकांच्या घरातून सुरी आणली आणि थर खरवडायला पुढं झाले, तर त्यानं पटकन माझं मनगट धरलं.

"अं हं! खरवडलं की वरचा मुलामा जातो. मग मशीन मेलंच म्हणून समजा."

"बरं... मनगट सोडा."

"हां... सॉरी."

सोडलं, पण लगेच नाही.

बादलीत आधी पाणी, मग त्यात बेतानं ॲसिड. उलटं कधीच करायचं नाही, अंगावर उसळतं, असं त्यानं बजावलं. पत्रे बुडवल्याबरोबर फस्स करून फेस आला. आम्ही दोघं नाकाला रुमाल बांधून लांब उभे राहिलो, आणि रुमालावरून त्याचे नुसते डोळे दिसत होते. मी तिकडे बघत नव्हते, असं म्हणायला हरकत नाही.

पत्रे लख्ख झाले, मशीन जोडलं, करंट येण्याची वाट पाहिली. लोडशेडिंग संपलं, पंप सुरू झाला... आणि दुसराच दिवा लागला. मीठ जास्त!

"इतकं कसं काय?" धम्मानंदनं डोकं खाजवलं. "मी दोनच पोती सांगितली होती."

नर्मदाकाकू, म्हणजे किसनरावकाकांची बायको, दारात उभी होती. साठीला टेकलेली, पण माझ्या बॅचमधली सगळ्यात हौशी पोरगी तीच. ती पदराशी चाळा करायला लागली.

"काकू?" मी म्हटलं.

"अगं, पाण्याला दृष्ट लागली होती बाई! एवढं निळंशार पाणी, येणारा-जाणारा बघणार न्हाई का? दिवा लागला की मी मीठ ओवाळायची आन् तलावात सोडायची. म्हणलं, दृष्टही निघंल आन् मशीनचंही पोट भरंल."

"मूठमूठ?"

"मूठ कशाला? तलाव केवढा! पाटीपाटी."

धम्मानंद भिंतीला टेकला आणि असा हसला, असा हसला की डोळ्यांत पाणी आलं. मलाही राहवेना. काकू बिचारी ओशाळली, मग तीही हसायला लागली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पाण्यात विरघळलेलं मीठ काढता येत नाही. निम्मं पाणी उपसायचं आणि नवं भरायचं, एवढाच इलाज. हे ऐकून काका कडाडलेच.

"मे महिन्यात पाणी उपसायचं? लोक घागरीसाठी तडफडून राहिले! आन् हे खारं पाणी सोडू कुठं, माझ्या हळदीत? रान जाळायचंय का?"

मला रडू फुटायचंच बाकी होतं. बॅच गेली, असंच वाटलं. धम्मानंद माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आणि त्याच क्षणी डांबरी रस्त्यापासून काकांच्या फाटकापर्यंतच्या मुरुमाच्या कामावरून धुळीचा लोट आला. मी ओरडलेच, "काका, तुमच्या रस्त्यावर मुरूम दाबायला पाणी कुठलं मारतात?"

"कालव्याचं. टँकरनं. पाळी चालू हाय ना."

"मग तो टँकर इथलं खारं पाणी नेईल आन् कालव्याचं गोडं इथं आणून टाकंल! बाबांना मी सांगते. थेंबभरही वाया जाणार न्हाई."

"खाऱ्या पाण्यानं धूळ उलट जास्त बसती," धम्मानंदनं जोड दिली.

काका मिशीत पुटपुटले, पण टँकर आला.

मग काय! फेऱ्या सुरू झाल्या. करंट असला की पंप, नसला की आम्ही दोघं कडुनिंबाखाली. पाण्यात ब्लीचिंग पावडर मारायची, जाळीनं शेवाळ काढायचं. तो भिंतीकडेनं, मी पाण्याकडेनं. शेवटी विचारलंच.

"तुमाला पोहता येत न्हाई. व्हय ना?"

"ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला नांगरता यावंच लागतं का?"

"येतं का न्हाई, ते सांगा."

"न्हाई," तो हळूच म्हणाला. "लहानपणी पोरांनी विहिरीत ढकललं. भावानं वर काढलं. तवापासून... पाणी दिसलं की भिंत धरतो."

"आन् काम घेतलं तलावांचं!"

"दुरूनच आवडतं मला पाणी. काही गोष्टी दुरून आवडलेल्या बऱ्या असतात..."

हे बोलताना त्यानं माझ्याकडे बघायची काय गरज होती? मी जाळी घेऊन उठलेच. कान तापले होते.

सोमवारी सकाळी तळाची फरशी दिसली. मशीनवर हिरवा दिवा. काकांनी कडेला उभं राहून खाली पाहिलं, स्वतःचंच तोंड दिसलं बहुतेक, कारण मिशीला पीळ देऊन म्हणाले, "स्टेजचं पुढं बघू." नर्मदाकाकूनं पंजाबी ड्रेससकट धपकन उडी मारली. मागोमाग सगळ्या बायका. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून नुसती हसत होते.

आणि धम्मानंद पिशवी भरत होता.

"निघू मग," तो लांबूनच म्हणाला. "काळजी करू नका. असं फिट केलंय, वरीसभर बोलवायचं काम पडणार न्हाई."

आठवडाभर याच मशीनसाठी देव पाण्यात ठेवले होते, आणि आता...

"एवढं नीट काहून केलं?" मी ओरडले.

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

धम्मानंदनं पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंत सोडून सरळ पाण्याकडे आला. पहिल्या पायरीवर त्याचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाला,

"आकांक्षा... मला शिकवाल? रोज यावं लागंल मला त्यासाठी."

"ए बाबा, थांब!" नर्मदाकाकू मधेच कडाडली. "ही बायकांची बॅच हाय. परका गडी चालत न्हाई इथं. जावई असला तर बघू."

हशा उसळला. मला वाटलं, आता पळतो हा. पण तो दुसरी पायरी उतरला, गुडघाभर पाण्यात.

"मग जावईच समजा, काकू," तो म्हणाला. "हिच्या बाबांना विचारायला आजच जातो. पण आधी... हिनं व्हय म्हणलं पाहिजे."

मी पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले, घट्ट. शेवटच्या पायरीवरून त्याला कमरेइतक्या पाण्यात आणलं.

"आता पाय सोडा," मी म्हटलं.

"धरलंय ना तुमी?"

"धरलंय. व्हय... व्हय म्हणते ना, धरलंय."

त्यानं डोळे मिटले, आणि तळावरचे पाय उचलले.