एअर धरलेली गाडी

लाइट येईस्तोवर सांगतो. मोबाइल खिशात ठेवा, उजेड नको. गुंडा, तुला हसायचं असलं तर आत्ताच हसून घे.

रहिमतपूरचा नाथाजी माझ्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. तीन वर्षांमागं भोगीच्या रात्री तो आपला जुना ट्रक घेऊन एकटाच इकडं कुपवाडला निघाला. सकाळी गाडी भंगारात द्यायची ठरली हुती. दोष तसा मोठा न्हवता. गाडी एअर धरायची, एवढंच. पण वीस वर्षं त्याच्याबरोबर गाडीवर असलेला जैनुद्दीन दिवाळीत वारला, आणि नाथाजी तवा भाडं घेऊन लांब गेलता. दोस्ताला माती द्यायलाबी पोचला न्हाई. ती मोकळी सीट बघवत न्हाई म्हणायचा, म्हणून गाडीच नको.

एअर धरणं तुमाला ठावं हाय. टाकीकडनं येणाऱ्या पाइपला बारीक चीर पडती. डिझेल गळत न्हाई, उलट पाइप आत हवा ओढतो आणि गाडी बंद पडती. म्हणून चीर लवकर घावत न्हाई. नाथाजीनं फिल्टर बदलला, टाकी धुतली, तरी तेच. जैनुद्दीन पाइपवर बोट फिरवून चीर सांगायचा आणि तिच्यावर अंगाचा साबण थापायचा. डाव्या अंगठ्याचं पेर फॅनबेल्टात तुटलेलं, तरी गडी त्याच अंगठ्यानं दाबायचा.

पुसेसावळीच्या पुढं, पावणेदोनला, गाडी बंद पडली. दोन्ही बाजूला ऊस, माणूस कुठं न्हाई. नाथाजीनं हँडपंप मारून फिल्टरातली हवा काढली. पुढचं काम दोघांचं. राहिलेली हवा निघायला एकानं बॉनेटखाली नोझलचा नट ढिला करायचा, दुसऱ्यानं केबिनमधनं सेल्फ मारायचा. एकटा माणूस किती चढणार, किती उतरणार? चार खेपा केल्या, मग बंपरला टेकून रडला. त्यानंच सांगितलं मला, लाजला न्हाई.

डोळं पुसून परत नटाला पाना लावला. वीस वर्षांची सवय... तोंडातनं निघून गेलं, "मार रं."

सेल्फ फिरला.

नटातनं हवेचा फेस आला... मग डिझेलची सरळ धार. नाथाजी म्हणाला, "बस."

सेल्फ थांबला.

दुसरा नट. "मार."

फिरला.

इंजिन लागलं. मधे उघडं बॉनेट, केबिन दिसत न्हवती. नाथाजी बघायला गेला न्हाई. म्हणाला, बघितलं असतं तर परत एकटा पडलो असतो. तिथनंच बोलला, "जैनू... माती द्यायला आलो न्हाई रं मी."



लय वेळानं गाडीखाली, टाकीकडं, कुणीतरी सरकल्यागत वाजलं. मग तेबी थांबलं.

कुपवाडपर्यंत गाडी एकदाबी बंद पडली न्हाई. सकाळी मीच खाली शिरलो. टाकीजवळ पाइपला चीर हुती. चिरीवर साबण थापलेला, आणि साबणात अंगठ्याचा ठसा. वरचं पेर नसलेला.

नाथाजीनं गाडी विकली न्हाई. नवा पाइप घालून घेतला, जुना माझ्याकडं ठेवायला दिला. अजून एकटाच चालवतो, पण ती सीट रोज पुसतो.

पाइप तिथंच हाय, तुझ्या डोक्यावर, खिळ्याला. तीन वर्षं झाली. गुंडा, हात वर कर... लाव बोट.

साबण अजून ओला हाय.