पत्ती माझ्या खिशात होती

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः तिथे होतो, गळ्यात साइड ड्रम अडकवून. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी कबनूरला यावं, मी खिजरकडे घेऊन जातो. तो अजून जिवंत आहे. पण यायचं तर लवकर या.

भुतं रात्रीच येतात असं मीही समजत होतो. हे घडलं मागच्या वर्षीच्या जानेवारीत, एका रविवारी, सकाळी दहा वाजता. हातकणंगल्याजवळच्या एका गावात, भर उन्हात, दोनशे माणसांसमोर.

माझं नाव फरहान. वडिलांनी काढलेला ब्रास बँड मी चालवतो. चालवतो म्हणजे काय, डीजे आल्यापासून आम्हाला विचारतो कोण? वर्षाकाठी पाच-सहा सुपाऱ्या मिळाल्या तरी नशीब.

त्यातलीच ही एक. कृष्णात फौजी सतरा वर्षं सैन्यात काढून घरी येत होता. आमच्याकडे जवान निवृत्त झाला की गाव त्याला वेशीपासून घरापर्यंत वाजतगाजत नेतं. कृष्णातचे वडील आण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी तीन महिने आधीच येऊन सांगितलं होतं.

"अकरा माणसं पायजेत. आनि क्लॅरोनेट शमशुद्दीननंच वाजवायचं. पोरगं भरती झालं तवा त्यानंच वाजिवलंतं."

शमशुद्दीन चाचा आमच्यात चाळीस वर्षं वाजवत होते. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

"कसं बी असू दे आण्णा, मी येतो की."

मिरवणुकीच्या बावीस दिवस आधी चाचा वारले.

आमच्या बँडची एक रीत आहे. वाजवणारा गेला की त्याचं वाद्य पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तालमीच्या खोलीत खुंटीला अडकवायचं. चाळिसाव्या दिवसाचा फातिहा होईपर्यंत त्याला कुणी तोंड लावायचं नाही. वडिलांनी ही रीत का घातली ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चाचा गेल्याचं मी आण्णांना कळवलं नाही. हातातली सुपारी गेली असती. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लाल डगला आणि काळं क्लॅरोनेट लांबून दिसलं की झालं, असा माझा हिशेब.

आता बँडवाल्यांची एक लबाडी सांगतो. माणूस कमी पडला की आम्ही कुणालाही डगला-टोपी चढवून ओळीत उभा करतो. त्याला डमी म्हणतात. गाल फुगवायचे, बोटं हलवायची, फुंकायचं नाही. चुकून फुंकलं आणि भलताच आवाज निघाला तर अब्रू जाते, म्हणून डमीच्या क्लॅरोनेटची पत्ती काढून घेतात. पत्ती म्हणजे तोंडाशी बसवलेली बोरूची पातळ पट्टी. आवाज तिचाच. ती नसली की क्लॅरोनेट म्हणजे नुसती नळी.

डमी म्हणून मी खिजरला नेलं. माझी बायको शबनम, तिचा हा धाकटा भाऊ. पस्तिशीचा, यंत्रमागावर कामाला, दोन मुलींचा बाप. आयुष्यात त्याला साधी शिट्टी धड वाजवता आली नव्हती.

मी खुंटीवरचं फडकं सोडलं तेव्हा तो मागे सरकला.

"दुल्हाभाई, हे चाचांचं हाय न्हवं? चाळिसावा कुठं झालाय अजून?"

"तुला कुठं वाजवायचंय? धरून उभारायचं नुसतं."

मी स्वतःच्या हाताने पत्ती काढली. एका छोट्या डबीत घातली. डबी शर्टाच्या खिशात टाकून वरून बटण लावलं.

हे लक्षात ठेवा.

वेशीत आमची ओळ लागली. मी पुढे, खिजर मागे डाव्या टोकाला, चाचांच्या जागेवर. उघडी जीप फुलांनी सजली होती, वर कृष्णात उभा होता. चाचांची एक सवय होती. सुरुवातीआधी ते एकटेच एक लांब सूर धरायचे आणि बाकीचे त्यावर आपला सूर जुळवायचे. त्या दिवशी तो सूर नसणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी काठ्या उचलल्या...

...आणि मागून एक लांब सूर आला.

सवयीने सगळ्यांनी सूर जुळवला. मीही ड्रमवर काठी मारली. मिरवणूक निघाली.

दहा पावलं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्यात क्लॅरोनेट एकच होतं.

मी वळून पाहिलं...

खिजरची बोटं चालत होती. उगीच नाचवल्यासारखी नाही. एकेक बोट आपल्या जागी बरोबर पडत होतं.

मी खिसा चाचपला. डबी होती. बटण लावलेलं होतं. डबी हलवली तर आत पत्ती खुळखुळली.

दुसरं कडवं आलं. तिथे चाचा एक छोटीशी मुरकी घ्यायचे. ती आमच्यात दुसऱ्या कुणाला कधी जमली नाही...

...ती मुरकी आली. जशीच्या तशी.

ट्रंपेटवाल्या सम्राटने तोंडापासून ट्रंपेट काढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. वाजव.

मग मला दुसरंच काहीतरी जाणवलं.

फुंकणाऱ्याला मध्ये दम घ्यावा लागतो. ड्रमवाल्याचे कान त्या फटीवर असतात. मी ती फट यायची वाट बघत राहिलो. एक ओळ गेली. दोन गेल्या. चार गेल्या...

फट आलीच नाही.

खिजर श्वासच घेत नव्हता.

त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते डोळे माझ्यावर होते.

मी चार पावलं मागे जाऊन ते क्लॅरोनेट ओढून काढू शकलो असतो. काढलं नाही. जीपमधला फौजी नाचत होता. बाया ओवाळायला पुढे येत होत्या. पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती. आमचा बँड इतका सुरेख कित्येक वर्षांत वाजला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी अभिमान वाटत होता.

घर आलं. गाणं संपत आलं. उंबऱ्यात उभे असलेले आण्णा रडत रडत म्हणाले, "आनि एकदा हुं दे."

मी बोट वर करून हवेत गोल फिरवलं.

आमच्यात त्याचा अर्थ, पुन्हा पहिल्यापासून.

त्या बोटाला मी आजपर्यंत माफ केलेलं नाही.

दुसऱ्यांदा गाणं संपलं तेव्हा मी शेवटची काठी मारली. सगळे थांबले...

क्लॅरोनेट थांबलं नाही. एकटंच एक ओळ पुढे गेलं. मग हळूहळू विरलं.

आण्णा चाचपडत ओळीपाशी आले. त्यांनी खिजरचा हात दोन्ही हातांत धरला.

"आलास की शमशुद्दीन. शब्द पाळलास गड्या."

मग त्यांनी तो हात चाचपला. हळूच म्हणाले, "हात का रं एवढा गार तुझा?"

खिजर तिथेच कोसळला.

आम्ही त्याला सावलीत नेलं, पाणी मारलं. ओठ फुटून रक्त आलं होतं. बऱ्याच वेळाने त्याला कंठ फुटला.

"दुल्हाभाई... मी फुकत न्हवतो. त्येच वडत हुतं. माझ्यातनं वडत हुतं."

मी खिशाचं बटण काढलं. डबी उघडली...

पत्ती ओली होती. नुकतीच कुणाच्या तोंडातून काढावी तशी, थुंकीने ओली.

क्लॅरोनेट त्याच दिवशी पुन्हा खुंटीवर गेलं. चाळिसाव्याला फातिहा झाला. चाचांच्या बायकोला, नजीरा चाचींना, मी सगळं सांगून माफी मागितली. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपेग?"

खिजर त्यानंतर मागावर गेलाच नाही. चार पावलं चालला की धापा टाकतो. झोपतो तेही बसूनच. डॉक्टर म्हणतात कापसाची धूळ छातीत बसलीय, दर महिन्याला फुप्फुसं थोडी थोडी निकामी होतायत, उपाय नाही. त्यांचं खरं असेल. पण झोपेत त्याची बोटं चादरीवर चालतात आणि प्रत्येक बोट बरोबर जागी पडतं.

शबनमला मी अजून सांगितलेलं नाही की ते क्लॅरोनेट कुणाचं होतं.

ती डबी माझ्या कपाटात आहे. साधी पत्ती तासाभरात वाळते. ही वर्ष झालं तरी रोज सकाळी ओली सापडते. सुरुवातीला ती ओली बघून मी घाबरायचो. फेकायचा विचारही केला, पण हात धजावला नाही. आता मला उलटीच भीती वाटते. ती वाळली तर खिजरचं काय, या विचाराने मी फजरच्या नमाजाला उठलो की आधी डबी उघडतो.

काल शबनमने विचारलं, "रोज त्या डबीत काय बघता?"

मी म्हटलं, काही नाही.

आज सकाळी अर्धी पत्ती कोरडी होती.