वारा सांगणारा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नेमबाजी धरली ती आई गेल्यावर. आईच्या आजारपणात सगळंच सुटलं होतं, आणि आता रिकामं घर खायला उठत होतं. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरायचं त्यांनी मनावर घेतलं आणि एका सकाळी मैदानावर रायफल निवडायला आल्या.

मैदानाच्या मास्तरांनी छपराखाली तीन रायफली मांडून ठेवल्या होत्या.

"या दोन कोऱ्या, ही तिसरी वापरलेली," ते म्हणाले. "हिची नळी बघा केवढी जाड! उचलताना दमछाक होईल, पण तापली तरी गोळ्या भरकटत नाहीत."

"कुणाची होती?"

"एका नवरा-बायकोची. मी इथे नवीन, त्यांना खेळताना पाहिलेलं नाही. लांबची गोळी वाऱ्याने सरकते, म्हणून तो शेजारी पडून वारा सांगायचा, ती चाप ओढायची, एवढं ऐकून आहे. तो वारला. बाई त्या बाकावर बसल्यात. रायफल कुणाच्या हातात जाते ते बघायचंय म्हणे."

लांबच्या बाकावर करडी शाल पांघरलेल्या एक म्हाताऱ्या बाई फलकांकडे बघत बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी कोऱ्या रायफली चालवून पाहिल्या. त्यातल्या हलकीच्या सुरुवातीच्या गोळ्या झकास बसल्या, पण नळी तापली तशा फलकभर पांगल्या. दुसरी बरी होती. नुसती बरी.

मग त्या जड रायफलीमागे पालथ्या पडल्या. दस्त्याला गाल टेकवला. लाकूड कोमट लागलं. उन्हात राहिली असेल, असं त्यांच्या मनात आलं. पण छपराखाली ऊन पोचत नव्हतं.

काळा ठिपका दुर्बिणीत स्थिर झाला. बोट चापावर गेलं, आणि डाव्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं,

"थांब, चिमणे."

त्या थांबल्या. मैदानाच्या टोकाची निशाणं क्षणभर लुळी पडली आणि उलट्या दिशेला फडकली.

"आता."

गोळी ठिपक्याच्या मधोमध बसली.

"वारा छान सांगता हो मास्तर," असं म्हणत त्या वळल्या. मास्तर पार मागे, दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड मफ होते. डॉक्टरीणबाईंच्याही कानांवर होते. इतकं हळू बोललेलं ऐकू यायला नको होतं.

त्यांनी पुन्हा नेम धरला. पुन्हा तेच, "थांब." पुन्हा, "आता." भोकं एकमेकांना चिकटून पडत गेली. डाव्या अंगाला ऊब जाणवत होती, कुणी खेटून पडावं तशी. घाबरायला हवं होतं. पण आई गेल्यापासून इतक्या जवळून त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या बाईची माया आपण चोरतोय, असं मात्र वाटायला लागलं.

"मी ती नाही हो," त्या पुटपुटल्या. "तुमची चिमणी तिकडे बाकावर बसलीय."

काहीच ऐकू आलं नाही.

उगाच बोलले मी. डोळ्यांत पाणी आलं, ठिपका पुसट झाला.

मग अगदी कानाशी, समजुतीच्या सुरात,

"ठाऊक आहे. थांब, वारा फिरतोय."

मास्तर धावतच आले. "अहो, एका नाण्याखाली मावतील सगळ्या गोळ्या! हीच घ्यायची ना?"

"हीच," म्हणत डॉक्टरीणबाई उठल्या आणि थेट बाकाशी गेल्या. सांगावं की न सांगावं, कळेना. अखेर म्हातारीशेजारी बसून त्यांनी धीर केला.

"रागावू नका, आजी. तुमचे यजमान मला वारा सांगत होते. बोलून."

म्हातारीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आमचे हे जन्माचे मुके," ती म्हणाली. "वारा फिरला की खांद्यावर बोटाने दोनदा टिचकी मारायचे. सबंध संसार असाच झाला आमचा, टिचक्यांवर."

डॉक्टरीणबाईंनी वळून रायफलीकडे पाहिलं.

म्हातारी जवळ सरकली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, हावरेपणा होता.

"कसा आहे हो त्यांचा आवाज?"

"जाडसर. आणि मऊ."

"अन् मला... मला काय म्हणतात?"

"चिमणे."

म्हातारीने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. नव्या नवरीसारखी लाजली.

वारा पडलेला होता. तिच्या खांद्यावरची शाल एका ठिकाणी हलकेच दबली. मग पुन्हा एकदा.