टिटवीचा फोटो आणि सोळा चिपांची पट्टी

चार वाजून बारा मिनिटांनी टिटवी चिखलदऱ्याच्या डोक्यावरून शेवटची जाणार होती, आणि नेमकी दुपारी अडीच वाजता संगणकाने मान टाकली. पडदा काळा ठिक्कर. बटण दाबलं की नुसत्या लांब लांब शिट्ट्या.

“काहून ओरडतो हा?” आबाजींनी कपाळाला हात लावला.

अकरा वर्षांची ओजल आपल्या आबाजींकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, सुट्टीला आली होती. आबाजी एकेकाळी उपग्रह बनवणारे शास्त्रज्ञ. एकवीस वर्षांपूर्वी, २०२६ साली, त्यांनी इथल्या शाळेतल्या आठ मुलांना हाताशी धरून चपलेच्या खोक्याएवढा एक उपग्रह तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं टिटवी. त्या आठ जणांत ओजलची आईही होती. टिटवी वर गेली, पहिल्याच आठवड्यात तिने शाळेच्या मैदानाचा एक मोठा फोटो काढला, आणि तो खाली पाठवण्याआधीच गप्प झाली. लोक म्हणाले, “गेली ती.” आबाजींनी मात्र मुलांना शब्द दिला होता की तुम्ही आकाशातून कसे दिसता ते मी दाखवीन. तो शब्द एकवीस वर्षं त्यांच्या घशात अडकून बसला होता.

आणि मागच्या मंगळवारी टिटवी बोलली! गिरक्या घेता घेता तिच्या सौरपट्ट्या (उन्हापासून वीज बनवणाऱ्या काचा) पुन्हा सूर्यासमोर आल्या होत्या. पण इकडे तयारी होईपर्यंत ती फार खाली उतरली होती. उद्या सकाळपर्यंत हवेत शिरून जळून जाणार होती.

“दुसरा संगणक घ्या ना, आबाजी!”

“अँटेनाचं कार्ड फक्त याच्याच खाचेत बसतं, बेटा. शिवाय टिटवी मोठी खडूस आहे. फोटोचा एक तुकडा पाठवते, तो आपण उलगडून ‘मिळाला’ असं कळवलं तरच दुसरा देते.”

“शिट्ट्यांचा अर्थ, रॅम सापडत नाही,” कोपऱ्यातून बिब्बा बोलला. बिब्बा म्हणजे आबाजींचा काळाभोर, वाटोळा यंत्रमानव. नाव शोभेल असा मधेच बिब्बा घालायची त्याला सवय होती. “तसाही हा चालला असता, तरी फोटो आला नसता. यात एक एक जीबीच्या दोन पट्ट्या आहेत. मोठ्या फोटोला किमान सहा जीबी रॅम हवी.”

ओजलचा चेहरा पडला. “रॅम म्हणजे नक्की काय हो?”

आबाजींनी वायर काढता काढता सांगितलं, “डिस्क म्हणजे आपली कोठीची खोली. सगळं सामान तिथे भरलेलं. पण स्वयंपाक होतो ओट्यावर. रॅम (संगणकाची काम चालू असतानाची स्मृती) म्हणजे तो ओटा. पाहुणे शंभर आणि ओटा वीतभर असला, तर आचारी बिचारा काय करील?”

त्यांनी संगणकाची पेटी उघडली आणि ओजल खो खो हसत सुटली. आतला मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य फलक) चक्क लाल-पिवळा झाला होता! दर खंडेनवमीला आबाजी सगळ्या हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करत. बाकीच्या यंत्रांना बाहेरून बोट लावत. पण या संगणकावर त्यांची भारी माया, म्हणून याला पेटी उघडून थेट आत हळदकुंकू. तेही ओलं. एकवीस दसऱ्यांचं कुंकू रॅमच्या खाचांपर्यंत पोचलं होतं.

“आबाजी, तुम्ही शास्त्रज्ञ ना?”

“मायेला अक्कल नसते,” आबाजी ओशाळून म्हणाले. “आण तो ब्रश आणि स्पिरिट.”

आधी पेटीच्या लोखंडाला हात लावून दोघांनी अंगातली स्थिर वीज उतरवली. मग ओजलने खाचा हळूहळू साफ केल्या आणि पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली. एक पट्टी काही केल्या जागी होईना. दुसरी लावली आणि पडदा उजळला! म्हणजे बोर्ड जिवंत होता. कुंकू पुसल्यावर त्याचा क्रमांकही दिसला. बिब्बाने तो वाचून घडाघडा माहिती ओतली: खाचा दोन, रॅम डीडीआर-३ जातीची, एका खाचेत जास्तीत जास्त चार जीबी.

आबाजींनी माळ्यावरून जुन्या रॅमचा बिस्किटांचा डबा काढला आणि स्वयंपाकघरातल्या परातीत उपडा केला. परातीला एका बाजूला मोठा पोचा होता, त्यामुळे ती डुगडुगत राहिली. साठ-सत्तर पट्ट्या! घड्याळात तीन वाजून गेले होते.

“सगळ्या लावून बघूया!”

“आणि चार बाजले म्हणजे? आधी निवड. काय काय बघशील?”

ओजलने एक आखूड पट्टी उचलली. बसणारच नाही, ही लॅपटॉपची. अशा सगळ्या आखूड पट्ट्या बाजूला गेल्या. उरलेल्या लांबीने सारख्या दिसत होत्या, पण त्यांच्या सोनेरी कडेला एक खोबण होती आणि ती काहींची एका जागी, काहींची दुसऱ्याच.

“ती खोबण म्हणजे जात ओळखायची खूण,” आबाजी म्हणाले. “डीडीआर-२ ला विजेचा दाब वेगळा लागतो, डीडीआर-४ ला वेगळा. चुकून भलतीच घालू नये म्हणून बनवणाऱ्यांनी जागाच बदलून ठेवली. जबरदस्ती केलीस तर पट्टीही जाईल आणि बोर्डही.”

जुन्या पट्टीशी खोबण जुळवत जुळवत हाती चौदा पट्ट्या उरल्या. त्यात चार जीबीच्या दोन चकचकीत होत्या. चार आणि चार आठ! बिब्बाने टाळ्या वाजवल्या. “सर्वांत नवीन, सर्वांत वेगवान. शंभर टक्के जुळणार.”

ओजलने त्या खट् करून बसवल्या. बटण दाबलं. पुन्हा लांब शिट्ट्या.

एकेक करून लावली. शिट्ट्याच. खाच बदलली. तरी शिट्ट्या. तीन वाजून पस्तीस. आबाजी खुर्चीत बसले आणि खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, “राहू दे बेटा. एकवीस वर्षं गेली, तसं हेही जाईल.”

ते ऐकून ओजलला रडूच फुटणार होतं. पण रडायलाही वेळ कुठे होता? तिने चालणारी जुनी पट्टी एका हातात घेतली, न चालणारी दुसऱ्या हातात. लांबी तीच, खोबण तीच. दोन्हींवर आठ आठ काळ्या चिपा (स्मृती साठवणारे तुकडे). मग फरक कुठे आहे?

“बिब्बा, एक जीबी भागिले आठ?”

“एका चिपेत अर्धपाव जीबी.”

“आणि चार भागिले आठ म्हणजे अर्धा जीबी! चौपट! आबाजी, एकाच चिपेत जास्त कोंबलेलं या बोर्डाला चालत नसेल का?”

आबाजी ताडकन उठले. “अगं, माझ्या डोक्यातूनच गेलं! चिपेच्या आत रांगा असतात. ही रांग, ती रांग, असा पत्ता सांगून बोर्ड माहिती ठेवतो. जुन्या बोर्डाला ठरावीक रांगांपर्यंतच पत्ता सांगता येतो. माणूस बुटका असला की उंच फडताळाचे वरचे कप्पे त्याला उपयोगाचे नसतात. त्याला बुटकीच फडताळं हवीत, पण संख्येने जास्त!”

“म्हणजे चार जीबीच, पण चिपा सोळा!”

“माझ्या माहितीत चिपा मोजायचं लिहिलेलं नाही,” बिब्बा कुरकुरला.

“म्हणून तर बोटं असतात,” ओजल म्हणाली आणि परातीवर तुटून पडली. आठ, आठ, आठ... आणि ही! मळकट, वरच्या फाटक्या कागदावर ‘४ जीबी’ एवढंच उरलेलं, पण दोन्ही अंगांना चिपा. पुढे आठ, मागे आठ. चार भागिले सोळा, पाव जीबी! तशी दुसरी मात्र नव्हती. मग तिने दोन जीबीची आठ चिपांची शोधली. दोन भागिले आठ, तीही पावच. चार आणि दोन, सहा!

“दोघींचा वेग वेगळा आहे,” बिब्बाने शेवटचा बिब्बा घातला.

“असू दे,” आबाजी म्हणाले. “एका गाडीला दोन बैल जुंपले की गाडी सावकाश बैलाच्या चालीने जाते. पण जाते!”

ओजलने डोळे मिटून बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी. पडद्यावर अक्षरं उमटली: स्मृती, सहा जीबी. तिघेही एकदम ओरडले. बिब्बा तर जागच्या जागी तीनदा गरगरला.

चार वाजून बारा मिनिटांनी स्पीकरमधून टिटवीची चिवचिव ऐकू आली. एक तुकडा आला, उलगडला, मिळाला. दुसरा आला, मिळाला. वरून खाली एकेक ओळ करत हिरवं पठार उतरू लागलं, मग दरी, मग शाळेचं पत्र्याचं छप्पर. चार वाजून वीस मिनिटांनी मैदान आलं आणि लगेच चिवचिव थांबली. टिटवी डोंगराआड गेली होती.

मैदानात आठ लखलखते ठिपके एका ओळीत उभे होते.

“आरसे नव्हते,” आबाजींचा आवाज ओला झाला होता. “म्हणून शाळेच्या खिचडीच्या आणि घरोघरच्या पराती उन्हात धरून उभं केलं होतं पोरांना. बघ, दिसतात की नाही! म्हटलं होतं मी!”

ओजल पडद्याला नाक लावून बघत होती. डावीकडून तिसरा ठिपका इतरांसारखा गोल नव्हता. तो मधोमध दुभंगून दोन झाला होता. ती गर्रकन मागे वळली. टेबलाला धक्का लागला आणि पट्ट्यांनी भरलेली ती परात डुगडुगली.

“आबाजी, ही पोचावाली... आईची?”

आबाजींनी पोच्यावरून बोट फिरवलं. “तीच.”

“आईला फोटो पाठव, बिब्बा. आणि सोळा चिपांचं लिहून ठेव तुझ्या माहितीत. पुढची टिटवी आम्ही बनवू तेव्हा लागेल!”

ओजलने पट्ट्या पुन्हा डब्यात भरल्या, परात उचलली आणि ती अंगणात धावली. टिटवी गेली होती त्या बाजूला तोंड करून तिने परात दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. वर काहीच दिसत नव्हतं. तरी हात भरून येईपर्यंत ती परात हलवत राहिली, आणि भिंतीवर उन्हाचे दोन कवडसे शेजारी शेजारी नाचत राहिले.