हँडलला टांगलेला फोन

सोमवारी साडेअकराला शर्मिष्ठा गुरवच्या पडद्यावर एकवीस फोन लाल झाले होते. खारेवाडीच्या वीज कार्यालयात कर्मचाऱ्यांना दिलेले फोन नियमात बसतात की नाही, हे पाहणं तिचं काम. शनिवारी सगळ्या फोनांवर नवी कार्यप्रणाली चढली आणि त्या प्रणालीसोबत नाडीबंध आला. आता फोन कपड्यातूनसुद्धा मालकाची नाडी ओळखायचा. अर्धा तास ती लागली नाही तर तो परका ठरायचा, आणि परक्या फोनाचे सगळे अधिकार दुपारी बाराला आपोआप रद्द व्हायचे. चोरीला आळा बसावा म्हणून हा सगळा उपद्व्याप. या कार्यालयातला एकही फोन आजवर चोरीला गेला नव्हता, पण ते विचारायची तसदी कोणी घेतली नव्हती.

इमारतीतल्या दहाजणांनी फोन चार्जिंगला नाहीतर टेबलावर ठेवले होते. तिनं जाऊन ते खिशात घालायला लावले आणि ते हिरवे झाले. उरलेले अकराच्या अकरा वायरमन निघाले. त्यांच्यापैकी कोणी फोन उचलेना. तिनं उपकेंद्राच्या जुन्या तारेच्या फोनवर यंत्रचालक ठोंबऱ्यांना गाठलं.

"अहो ठोंबरे, सगळ्या वायरमनांचे फोन एकदम परके कसे झाले?"

"खांबावर आहेत ना ते. चढताना फोन खाली स्विचच्या हँडलला टांगतात. पूर्वी शर्ट टांगायचे, आता फोन. वर माणूस आहे हे कळतं, मग कोणी हँडलला हात लावत नाही."

"आणि लाइन बंद ठेवायचं परमिट?"

"ते फोनवरच असतं."

"फोनच रद्द झाला तर?"

"मग परमिट गेलं. काम संपलं असं समजून संगणक लांबूनच स्विच लावून लाइन सुरू करणार. माझ्या हातात आता काही ठेवलेलं नाही, मॅडम."

शर्मिष्ठा धावतच निमकर साहेबांच्या खोलीत गेली. साहेब मुख्यालयाला पाठवायचा अहवाल वाचत होते. तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"वायरमनांना शनिवारीच संदेश गेलाय, फोन अंगावर ठेवा म्हणून," साहेब म्हणाले.

"साहेब, वायरमन दत्ताराम घाग आत्ता टेकाडावरच्या खांबावर आहेत. बाकीचे दहाजण दहा गावांत. तपासणी थांबवा."

"तो अधिकार मुख्यालयाचा. अर्ज करा, तीन दिवसांत उत्तर येतं."

"आणि बारा वाजता काय होणार?"

साहेबांनी नजर अहवालावरून उचललीच नाही. "मी नियम केलेला नाही, गुरव मॅडम."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. अकरा माणसं तारांना हात लावून उभी होती आणि या गृहस्थांना अहवालात नियमात बसणाऱ्या फोनांची टक्केवारी शंभर करायची होती. तिला ओरडायचं होतं, पण घड्याळात अकरा सत्तेचाळीस झाले होते.

जागेवर येऊन तिनं लाल यादी उघडली. प्रत्येक नावासमोर एक चौकोन होता: 'फोन मालकाच्या अंगावर असल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.' खोटी साक्ष दिली तर निलंबन, हेही खालीच लिहिलं होतं. तिनं पडद्यावर अंगठा ठेवला. दर नावाला यंत्र मिनिटभर तिची नाडी तपासत राही. शेवटचं घागांचं नाव हिरवं झालं तेव्हा अकरा एकोणसाठ झाले होते.

बारा वाजले. एकही स्विच लागला नाही.

एकच बाई अकरा मिनिटांत अकरा ठिकाणी हजर होती, हे संगणकाच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. चार वाजता निलंबनाचा आदेश आला. ती खण आवरत असताना दत्ताराम घाग आले. ठोंबऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. काखेत रबरी हातमोजे धरून त्यांनी तो आदेश दोनदा वाचला आणि नीट घडी घालून तिच्यासमोर ठेवला.

"उद्या सकाळी मला पुन्हा चढायचंय, मॅडम. फोन खिशात ठेवला, तर खालचा कोणीतरी हँडल ओढील. हँडलला टांगला, तर तुमचं हे यंत्र लाइन सुरू करील. आज तुम्ही होतात. उद्या माझ्यासाठी खोटं कोण बोलणार?"