पहिला चमचा

त्या सकाळी आईने विसरण्याचा अर्क गाळला, सात बाटल्या भरल्या आणि रिवाजाप्रमाणे पहिला चमचा स्वतः घेतला. अर्क करणारीने आधी स्वतः चाखायचा, त्याचा अंमल अंगावर काढायचा आणि दुपारी तो उतरला की मगच माल दुकानात मांडायचा, हा त्या धंद्याचा नियम.

मुलीला या नियमाची चीड होती. धीराच्या अर्काच्या दिवशी आई गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडायला जाई. प्रेमाच्या अर्काच्या दिवशी सकाळभर कपाटाला कवटाळून बसे. अर्क नसेल त्या दिवशी दमून झोपे. मुलीच्या वाट्याला यायची ती गाळून उरलेल्या चोथ्यासारखी आई.

"कोण गं तू?" आईने नेहमीसारखी मान डावीकडे कलती करून विचारलं.

विसरण्याच्या दिवशी ती हे विचारायचीच. एरवी मुलगी म्हणे, "तुझीच. बस आता गप." त्या दिवशी ती नरसाळं घासत होती. मागे वळून न बघताच म्हणाली, "कोणी नाही. भांडी घासायला येते."

"बरं. हात स्वच्छ आहे हो तुझा."

अकराच्या सुमाराला मागे आई स्टुलासकट कोसळली. दुपार व्हायच्या आत ती गेली होती.

आठवडाभराने मुलीने सातही बाटल्या सात जणांना विकून टाकल्या. घरात त्या अर्काचा वास नको होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी कोपऱ्यावरची शिंपीण आली. नवरा गेल्यापासून तिला मशीनवर बसवत नव्हतं, म्हणून तिनेही एक बाटली नेली होती.

"काय मावशी, विसरलात का काकांना?"

"कुठलं! ते आहेत तिथेच आहेत, मेले. वर हे भलतंच आठवतंय." शिंपीण काउंटरचा लाकडी काठ चाचपत राहिली. "तू चार वर्षांची. गोवर आलेला. मी ओल्या फडक्याने तुझे तळपाय पुसतेय."

"आईने सांगितलं असेल तुम्हाला कधीतरी."

"आणि तू म्हणतेस, उद्या नको ना पिऊस."

हे आईने कोणाला सांगितलं नसतं. तिने दुसऱ्या दिवशी अर्क प्यायलाच होता.

मुलीने हातातलं बूच खाली ठेवलं. दुकानात आल्याचा आणि जुन्या कापडाचा, आईच्या अंगाला यायचा तसा वास पसरला होता. शिंपिणीने मान डावीकडे कलती केली. अशी मान ती पूर्वी कधी करत नसे.

"त्या दिवशी अंमल लवकर उतरला गं," ती म्हणाली. "दहालाच. तुझ्या पाठीकडे बघत बसले होते. म्हटलं, आता वळेल."

"मग हाक का नाही मारलीस?"



पायरीवर चपला वाजल्या. शाळेचे मास्तर आत आले. त्यांच्यामागे गवंडी. मग टपालवाला. मग आणखी तिघं.

कोणी काही मागितलं नाही.

सातही माना डावीकडे कलल्या होत्या.

मुलीने काउंटर घट्ट धरला.

"आई, मला तुझा राग नव्हता गं. मला त्या बाटल्यांचा हेवा वाटायचा."